साथीचा भागाकार

19 फेब्रुवारी 2020 रोजी इराणने आपल्याकडे कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडल्याचे जाहीर केले. दोघेही कोम या तीर्थक्षेत्री होते, आणि त्याच दिवशी दोघेही दगावल्याची बातमी आली. म्हणजे त्या संध्याकाळी इराणचा मृत्युदर भरला शंभर टक्के. हा आकडा अर्थातच कोणी मनावर घेतला नाही. पण त्यात एक खरी बातमी होती. चीनच्या अनुभवावरून तोवर एवढे कळले होते की आजार झालेल्या शंभरातले मोजकेच दगावतात. मग दोन मृत्यूंमागे कोममध्ये शे-दोनशे रुग्ण असलेच पाहिजेत, तेही आजचे नव्हेत, दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे. मधल्या काळात ते किती पट झाले असतील ते वेगळेच. थोड्याच दिवसांत कॅनडातल्या संशोधकांनी इराणहून बाहेर पडलेल्या प्रवाशांमध्ये सापडलेल्या रुग्णांवरून उलटा हिशेब केला आणि देशातल्या बाधितांचा अंदाज अठरा हजारांच्या घरात नेऊन ठेवला. तेव्हाचा सरकारी आकडा शंभराच्याही आत होता.

साथीच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत देशोदेशींचे जे मृत्युदर छापून येतात ते सगळे कमी-अधिक प्रमाणात या इराणी शंभर टक्क्यांच्या जातकुळीतले असतात. फरक इतकाच, की शंभर टक्के हास्यास्पद दिसतात आणि साडेसात किंवा अर्धा टक्का विश्वासार्ह वाटतो. माझे म्हणणे असे, की हे सुरुवातीचे दर विषाणूबद्दल फार थोडे सांगतात आणि त्या देशाच्या लोकांच्या अंगच्या ताकदीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. ते सांगतात त्या देशाने कुठे पाहिले, कोणाला तपासले आणि मेलेल्यांची नोंद कशी ठेवली. ही माहिती मोलाची आहेच, पण तिचा अर्थ भलताच लावला जातो आणि त्याची किंमत पुढच्या लाटेत मोजावी लागते.

मार्च 2020 मधली इटली आणि जर्मनी घ्या. 17 मार्चपर्यंत इटलीत 22,512 रुग्ण आणि 1,625 मृत्यू, म्हणजे 7.2 टक्के. त्यानंतर आठवड्याभराने जर्मनीत सुमारे पंचवीस हजार रुग्ण आणि शंभराच्या आत मृत्यू, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मध्ये आल्प्स पर्वत, दोन्हीकडे श्रीमंती, दोन्हीकडे म्हातारी लोकसंख्या, आणि दरात पंधरा-वीस पटींचा फरक. वर्तमानपत्रांना याहून चांगला मजकूर कुठून मिळणार? इटालियन लोक मिठ्या मारतात, जर्मन शिस्तीचे असतात, एकत्र कुटुंबात आजी-आजोबांना संसर्ग होतो, अशा कथा ओघाने आल्याच. त्यांतल्या काहींत थोडेफार तथ्य असेलही. पण मे महिन्याअखेरीस जर्मनीत एक लाख ऐंशी हजारांवर रुग्ण आणि साडेआठ हजारांच्या आसपास मृत्यू झाले होते. दर पोहोचला होता 4.7 टक्क्यांवर. दोन महिन्यांत दहापट. जर्मनांची शिस्त या काळात दहापटींनी बिघडली असे कोणी म्हणाले नाही.

काय झाले होते? एक तर जर्मनीतले सुरुवातीचे बरेचसे रुग्ण होते ऑस्ट्रियातल्या इश्गलसारख्या ठिकाणांहून स्कीइंग करून परतलेले आणि हाइन्सबर्ग जिल्ह्यात कार्निव्हलला नाचलेले लोक. त्यांत चाळिशी-पंचेचाळिशीतले पुष्कळ. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात क्रिस्टियान ड्रोस्टेन यांच्या गटाने जानेवारीच्या मध्यालाच चाचणीची पद्धत तयार केली होती आणि ती देशभरच्या प्रयोगशाळांत झपाट्याने पोहोचली. त्यामुळे साधा खोकला असलेली तरुण माणसेही यादीत आली. एप्रिलमध्ये संसर्ग वृद्धाश्रमांत शिरला आणि यादीचे वय वाढले, तसा दरही.

वयाचा हा मुद्दा सगळ्यांना तोंडपाठ झाला आहे, पण तो किती खोल जातो याची कल्पना क्वचितच कोणाला असते. 2020 च्या अखेरीस अनेक देशांच्या अभ्यासांवरून काढलेला हिशेब असा होता: संसर्ग झालेल्यांपैकी मृत्यूचे प्रमाण पंचविशीत दहा हजारांत एक, पंचावन्नाव्या वर्षी हजारात चार, पंच्याहत्तरीत शंभरात चार-पाच आणि पंच्याऐंशीत शंभरात पंधरा. म्हणजे पंचविशी आणि पंच्याऐंशी यांमध्ये दीड हजार पटींचा फरक. आहार, हवामान, मिठ्या, शिस्त, रुग्णालयांचा दर्जा हे सगळे एकत्र केले तरी या फरकाच्या जवळपास येत नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यात विषाणूची गाठ कोणाशी पडली यावरच बरेचसे ठरून जाते. दक्षिण कोरियात ती पडली देगू शहरातल्या शिन्चॉन्जी पंथाच्या तरुण अनुयायांशी; तिथला दर मार्चच्या सुरुवातीला एक टक्क्याच्या आत होता आणि मेमध्ये अडीच टक्क्यांच्या जवळ गेला. सिंगापूरमध्ये पडली भारत आणि बांगलादेशातून आलेल्या, वसतिगृहांत दाटीने राहणाऱ्या मजुरांशी. 2020 संपताना तिथे अठ्ठावन्न हजारांवर रुग्ण आणि 29 मृत्यू होते. मजूर तरुण आणि काटक, शिवाय कामाला घेण्याआधीच वैद्यकीय तपासणीतून गेलेले. तो दर सिंगापूरच्या आरोग्यसेवेचा जेवढा होता त्याहून अधिक त्या वसतिगृहांतल्या वयाचा होता.

यातली सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट दोन देशांचे आकडे वयोगटांनुसार शेजारी मांडल्यावर दिसली. चीनचा फेब्रुवारीतला एकूण दर 2.3 टक्के होता, इटलीचा 9 मार्चचा चार टक्क्यांच्या वर. संशोधकांनी दहा-दहा वर्षांचे गट पाडून पाहिले, तर प्रत्येक वयोगटात इटलीचा दर चीनपेक्षा कमी निघाला. प्रत्येक गटात कमी, पण बेरीज केली की जास्त! संख्याशास्त्रात हा जुना चकवा आहे. एखाद्या शाळेचा हुशार मुलांचा निकाल शेजारच्या शाळेपेक्षा चांगला, कच्च्या मुलांचाही चांगला, तरी एकूण निकाल खाली, कारण त्या शाळेने कच्ची मुले जास्त घेतलेली असतात. इटलीच्या रुग्णांच्या यादीत सत्तरीपुढचे भरमसाट होते. ते तसे का होते, याचे अर्धे उत्तर इटलीच्या जनगणनेत आहे आणि उरलेले अर्धे तिच्या चाचण्यांच्या धोरणात. 25 फेब्रुवारीला इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने ठरवले की चाचणी प्रामुख्याने गंभीर लक्षणे असलेल्यांचीच करायची. किटचा तुटवडा होता आणि निर्णय समजण्यासारखा होता. पण त्या दिवसापासून यादीत येण्याची अटच जवळजवळ ‘आधी पुरेसे आजारी पडा’ अशी झाली.

चाचणीचा नियम साथीचे चित्र कसे घडवतो हे इटलीच्याच लोम्बार्डी प्रांतातल्या कोडोन्यो गावात दिसते. तोवरच्या निकषांप्रमाणे चीनशी संबंध आलेल्यांचीच चाचणी व्हायची. 20 फेब्रुवारीला तिथल्या रुग्णालयातल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरने न्युमोनिया झालेल्या, चीनला कधीच न गेलेल्या, एरवी ठणठणीत अशा अडतिशीतल्या माणसाचा स्वॅब नियमाबाहेर जाऊन पाठवला. तो पॉझिटिव्ह आला. विषाणू चीनमधून आलेल्यांमध्येच शोधायचा, तर तो चीनमधून आलेल्यांमध्येच सापडणार! लोम्बार्डीत तो कित्येक आठवडे हिंडत होता हे त्यानंतरच्या शोधात उघड झाले. आपल्याकडेही सुरुवातीला परदेशाहून आलेले आणि त्यांच्या संपर्कातले एवढ्यांचीच चाचणी होई. रुग्णालयात दाखल झालेल्या तीव्र श्वसनविकाराच्या सगळ्या रुग्णांची चाचणी करण्याचा निर्णय आयसीएमआरने 20 मार्चला घेतला. त्याआधी न्युमोनियाने गेलेल्यांचे काय, या प्रश्नाला उत्तर नाही आणि आता मिळणारही नाही.

छेद, म्हणजे यादीतल्या रुग्णांचा आकडा, लहान राहिला की दर फुगतो. पण वाढत्या साथीत दर दाबणारी दुसरी गोष्टही त्याच वेळी चालू असते, ती म्हणजे मरायला लागणारा वेळ. समजा आजार शंभरात एकाला मारतो, निदानापासून मृत्यूपर्यंत पंधरा दिवस जातात आणि रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होतात. पंधरा दिवसांपूर्वी शंभर रुग्ण होते, आज 3,200 आहेत. त्या शंभरातला एक आज गेला. आजचा मृत्यू आजच्या रुग्णांनी भागला की उत्तर येते 0.03 टक्के. प्रत्यक्षापेक्षा तीसपटींहून कमी, आणि यात कोणी काही लपवलेले नाही. 2003 च्या सार्सच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेचा सुरुवातीचा अंदाज चार टक्क्यांच्या आसपास होता. मे महिन्यात तो 14 ते 15 टक्के असा सुधारला गेला, आणि साथ संपल्यावर आठ हजारांवर रुग्णांमागे 774 मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्के अशी नोंद झाली. 2009 च्या स्वाइन फ्लूत नेमके उलटे घडले. मेक्सिकोत आधी फक्त अत्यवस्थ रुग्णच नजरेला पडले, जग हादरले, आणि नंतर दर खाली खाली येत गेला. पण तोवर भीती पोहोचायची तिथे पोहोचली होती. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला तेव्हा नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा पुणेकरांच्या अजून लक्षात असतील.

छेदाची आणि वेळेची, या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. म्हणून ज्या देशात चाचण्या भरपूर आणि साथ नवी, तिथला दर खोटा कमी दिसतो. जिथे चाचण्या तुटपुंज्या आणि साथ जुनी, तिथला खोटा जास्त. मार्चमधली जर्मनी पहिल्या प्रकारात होती, इटली दुसऱ्यात. ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज योकोहामाच्या बंदरात अडकले तेव्हा 3,711 माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांची तपासणी झाली. 712 बाधित निघाले, त्यांतले जवळपास निम्मे चाचणीच्या वेळी लक्षणे नसलेले. छेद पक्का असलेली अशी जागा तेव्हा जगात क्वचितच होती. पण समुद्रपर्यटनाला जाणारे प्रवासी बहुतांश उतारवयाचे, म्हणजे तिथला दरही कुठल्या देशाला जसाच्या तसा लावता येणार नाही.

इथवर छेदाबद्दल झाले. अंशाबद्दल, म्हणजे मृत्यूंबद्दल, लोकांना खात्री वाटते. रुग्ण सुटेल, पण मृतदेह कसा सुटेल? सर्रास सुटतो. फ्रान्स एप्रिलपर्यंत फक्त रुग्णालयांतले मृत्यू सांगत होता. बेल्जियम वृद्धाश्रमांतले नुसते संशयित मृत्यूही धरत होता, आणि या प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात जगातल्या सर्वांत वाईट देशांच्या यादीत वर बसला. इंग्लंडमध्ये एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस पुढे कधीही, कशानेही मेला तरी कोविडच्या खात्यात जाई. ऑगस्ट 2020 मध्ये 28 दिवसांची मर्यादा घातली तेव्हा ब्रिटनच्या एकूण आकड्यातून पाच हजारांवर मृत्यू एका दिवसात वजा झाले. वुहानने 17 एप्रिलला आपल्या आकड्यात 1,290 मिळवले. पेरूने मे 2021 अखेरीस सत्तर हजारांच्या आतला आकडा एका फटक्यात एक लाख ऐंशी हजारांवर नेला. आपल्याकडे 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राने जुळवाजुळव करून 1,328 जुने मृत्यू एकदम जमा धरले, त्यांतले 862 मुंबईचे. त्या दिवशी देशाचा आलेख दचकून वर गेला, आणि दूरचित्रवाणीवर काही वेळ ‘एका दिवसात दोन हजार बळी’ असे झळकले.

या सगळ्या गोंधळातून बाहेर पडण्याची वाट दाखवली ती कुठल्याही जागतिक संस्थेने नव्हे, तर एका गावच्या महापौराने. नेम्ब्रो हे इटलीतल्या बेर्गामोजवळचे साडेअकरा हजार वस्तीचे गाव. बेर्गामोच्या दैनिकात एरवी पान-दोन पाने भरणारे निधनवृत्तांचे रकाने 13 मार्चला दहा पानांवर गेले होते, आणि 18 तारखेला लष्कराचे ट्रक शवपेट्या घेऊन शहराबाहेर पडताना जगाने पाहिले. नेम्ब्रोचे महापौर क्लाउदिओ कान्चेल्ली आणि आरोग्य क्षेत्रात काम करणारे लुका फोरेस्ती यांनी एक साधी गोष्ट केली. कोविडने किती गेले हे विचारायचे सोडून गावात एकूण किती गेले ते नोंदवहीतून काढले. वर्षाच्या या पहिल्या महिन्यांत एरवी सरासरी 35 माणसे जात. त्या वर्षी 158 गेली होती. म्हणजे 123 जादा. त्यांतली अधिकृतपणे कोविडची म्हणून धरलेली फक्त 31. मार्च संपण्याआधी हा हिशेब ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ या दैनिकात छापून आला.

यातली खुबी थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. साडेअकरा हजारांत 123 म्हणजे गावाच्या एक टक्क्याहून जास्त. आता छेद कितीही ताणा. समजा गावातल्या झाडून सगळ्यांना, तान्ह्या बाळांसकट, संसर्ग झाला होता. तरी दर एक टक्क्याच्या खाली येत नाही, कारण गावात माणसेच तेवढी. ‘खरे बाधित शंभरपट असतील, म्हणजे हा साध्या फ्लूसारखाच आहे’ असे म्हणणाऱ्यांची तेव्हा चलती होती, आणि त्यांत नावाजलेले प्राध्यापकही होते. त्यांचा मुद्दा खोडायला ना स्वॅब लागला, ना प्रयोगशाळा. जन्म-मृत्यूची एक नीट ठेवलेली वही पुरली. नेम्ब्रो म्हाताऱ्यांचे गाव होते, तेव्हा ते एक टक्का सगळ्या जगाला लागू नाही हे खरे. पण तळ कुठे आहे ते कळले.

मग देशादेशांतले सगळे फरक मोजणीचेच का? नाही, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडावेसे वाटते. ‘आकडे फसवे आहेत’ हे एकदा कळले की काही शहाणे सगळ्याच फरकांवर बोळा फिरवतात आणि राज्यकर्ते त्या बोळ्याआड लपतात. इटलीतच लोम्बार्डी आणि व्हेनेतो हे शेजारी प्रांत, दोन्हीकडे साथ एकाच आठवड्यात उघड झाली. व्हेनेतोतल्या व्हो या तीन हजारांच्या गावात पादुआ विद्यापीठाच्या आंद्रेआ क्रिसान्ती यांच्या गटाने जवळपास सगळ्या गावाची दोनदा चाचणी केली; चाळीस टक्क्यांवर बाधितांना लक्षणे नव्हती. व्हेनेतोने घरोघरी शोध आणि घरीच उपचार यांवर भर दिला, लोम्बार्डीत भार रुग्णालयांवर पडला. एप्रिल संपताना लोम्बार्डीत साडेतेरा हजारांवर मृत्यू होते, व्हेनेतोत दीड हजाराच्या आसपास. लोकसंख्येतला फरक मात्र दुपटीचाच. लोम्बार्डीत सुरुवातीचा फैलाव मोठा होता हे धरूनही उरणारी तफावत मोजणीची नव्हे, कारभाराची आहे. कोरियाने 2015 मध्ये मर्स साथीत 38 माणसे गमावल्यावर आणीबाणीत चाचणी किटना तातडीची मंजुरी देण्याची कायदेशीर सोय करून ठेवली होती, त्याचे फळ 2020 मध्ये मिळाले. अतिदक्षता विभागातल्या खाटा इटलीत पाच हजारांच्या पुढे, जर्मनीत अठ्ठावीस हजारांच्या आसपास. बेर्गामोत खाटा संपल्यावर जे गेले त्यांतले काही तरी म्यूनिकमध्ये वाचले असते. हे फरक खरे आहेत. फक्त ते ओळखायचे तर एकूण मृत्यू आणि लोकसंख्या यांवरून ओळखायचे, रुग्णांच्या कच्च्या यादीवरून नव्हे.

कच्च्या यादीवरून ओळखले की काय होते हे आपण भोगले आहे. 2020 च्या उन्हाळ्यात आपला दर युरोपच्या मानाने कमी दिसला आणि स्पष्टीकरणांची जत्रा भरली. ऊन, हळद, लहानपणापासून गढूळ पाणी पचवल्याची ताकद, आणि सर्वांत प्रतिष्ठित म्हणजे बीसीजी ही क्षयरोगाची लस. लहानपणी बीसीजी टोचणाऱ्या देशांत मृत्यू कमी, असा तक्ता फिरत होता. ब्राझील आणि पेरूही बीसीजी टोचतात. तक्ता फिरत होता तेव्हा तिथली साथ तरुण होती, एवढेच. इस्रायलमध्ये टोचलेल्या आणि न टोचलेल्या पिढ्या ताडून पाहिल्या, फरक दिसला नाही. खरे कारण डोळ्यांसमोर होते. जुलै 2020 मध्ये मुंबईत मनपा, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी तीन विभागांत केलेल्या सिरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, इमारतींत 16 टक्के. विषाणू आपल्याला हुलकावणी देऊन गेला नव्हता, तो तरुण वस्तीतून सुसाट गेला होता. पण याचाही अर्थ ‘आपले झाले, सुटलो’ असा लावला गेला. जानेवारी 2021 मध्ये दावोसच्या परिषदेत पंतप्रधानांनी भारताने मोठे संकट टाळून मानवजातीला वाचवल्याचे सांगितले, आणि एप्रिलमध्ये प्राणवायूचे सिलिंडर मिळेनासे झाले.

आपला अंश किती खरा होता हा प्रश्न तर वेगळाच. आपल्याकडे नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू जेमतेम एक पंचमांश. घरी गेलेल्या माणसाची नोंद गावात ग्रामसेवक करतो, आणि कारणाच्या रकान्यात वृद्धापकाळ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे येते. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि मूळ कारण अशा ओळी असतात. घाईत पहिली ओळ भरली जाते, शेवटची कोरी राहते, आणि कोविड असतो नेमका त्या कोऱ्या ओळीत.

म्हणून मला वाटते, पुढच्या साथीसाठी व्हेंटिलेटरइतकीच तयारी या वहीची हवी. युरोपात दर आठवड्याचे एकूण मृत्यू अनेक देशांतून एकत्र होतात. इटलीच्या सांख्यिकी संस्थेने 2020 च्या वसंतातच गावनिहाय मृत्यू खुले केले. आपल्याकडे ही आकडेवारी वेळेवर हाती नव्हती, म्हणून मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या जादा मृत्यूंचा अंदाज 47 लाख असा काढला आणि सरकारने गणिती प्रारूपावर आक्षेप घेतला. आक्षेप घ्यायला हरकत नाही, पण प्रारूप वापरायची वेळ येते तीच मुळात प्रत्यक्ष मोजदाद हाती नसल्यामुळे. देशाच्या नागरी नोंदणीचा 2021 चा अहवाल बाहेर आला मे 2025 मध्ये. त्यानुसार 2020 मध्ये 81 लाखांच्या घरात मृत्यू नोंदले गेले होते, 2021 मध्ये एक कोटी दोन लाख. वाढीतला काही भाग नोंदणीचे प्रमाण सुधारल्याचा असेल, तो किती हे राज्यवार आणि महिनावार आकडे मांडून काढता येईल. एप्रिल आणि मे 2021 चे रकाने त्यासाठी आधी उघडावे लागतील.